आठवड्याचा गृहपाठ : पहिली ते तिसरीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात हेच प्रश्न थोड्याफार फरकाने येत राहतात. कधी वहीच्या मागच्या पानावर, कधी फाटकापाशी उभ्या उभ्या, कधी रात्री साडेदहाच्या मेसेजमध्ये. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. तुमच्या प्रश्नापुरतंच वाचलंत तरी चालेल. एक प्रश्न दुसऱ्यात अडकतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. आठवड्याचा गृहपाठ म्हणजे नक्की काय? रोजचा रोज का देत नाही?

सोमवारी वहीत एक कागद चिकटवून येतो आणि शुक्रवारी वही परत द्यायची असते. मधल्या दिवसांत काय कधी करायचं ते घरच्यांनी ठरवायचं. कागदावर साधारण चार गोष्टी असतात: रोजचं मोठ्याने वाचन, आठ-दहा शब्द, थोडी गणितं आणि एखादं बघून किंवा करून सांगायचं काम. म्हणजे घरातल्या गोल वस्तू शोधा, जिन्याच्या पायऱ्या मोजा, असं काहीतरी.

रोजच्या रोज गृहपाठ दिला की ज्या दिवशी पाहुणे येतात, ताप भरतो किंवा घरी यायला उशीर होतो, त्या दिवशी घरात कुरबुर ठरलेली. आठवड्याच्या कागदात मंगळवारचं बुधवारवर ढकलता येतं.

कागदावर नवीन काहीही नसतं. वर्गात शिकवून झालेलंच असतं. तरीही मूल "हे आम्हाला शिकवलंच नाही" म्हणालं, तर तेवढं सोडून द्या आणि तसं लिहून पाठवा. बहुतेक वेळा शिकवलेलं असतं, पण त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. आम्हाला नेमकं तेच कळायला हवं असतं.

२. रोज किती वेळ बसवायचं?

इयत्तेमागे १० मिनिटं. पहिलीला १०, दुसरीला २०, तिसरीला ३०. गृहपाठावर वर्षानुवर्षं संशोधन केलेले अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनीही हा हिशेब उचलून धरला आहे. मी तो वरची मर्यादा म्हणून सांगते. दहा मिनिटांचं काम सहा मिनिटांत झालं तर उरलेली चार मिनिटं भरून काढायची नाहीत.

वेळ संपली की पेन्सिल खाली, गणित अर्धं राहिलं तरी. जिथे थांबलात तिथे आडवी रेघ मारा आणि शेजारी मिनिटं लिहा. पहिलीतल्या मुलीला चार बेरजांना पंचवीस मिनिटं लागली, हे मला चार बरोबर उत्तरांपेक्षा जास्त सांगून जातं.

तुम्ही पुस्तक वाचताय आणि मूल नुसतं ऐकतंय, तो वेळ यात धरू नका. तो हवा तेवढा वाढू द्या.

३. खरं सांगा, एवढ्या लहान वयात गृहपाठाचा उपयोग होतो का?

लोकांना वाटतो तेवढा होत नाही. कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते २००३ या काळातले अमेरिकेतले अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये आढावा घेतला. गृहपाठ आणि यश यांचा संबंध त्यांना वरच्या वर्गांत ठळक दिसला, प्राथमिक वर्गांत मात्र क्षीण. त्यामुळे 'जास्त गृहपाठ म्हणजे चांगली शाळा' असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

मग आम्ही देतो कशासाठी? एक म्हणजे वाचन. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं वाचन रोज पाच मिनिटं ऐकायचं म्हटलं तर त्यातच अडीच तास जातात. घरी हे पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं म्हणजे उजळणी, पण ती पसरून केलेली (प्रश्न ४). तिसरं कारण पालकांना फारसं कोणी सांगत नाही: मूल वर्गात शेजाऱ्याच्या वहीकडे बघून, बाईंच्या चेहऱ्याकडे बघून बरंच काही निभावून नेतं. घरी एकट्यानं केलेल्या कामात त्याला काय येतं ते उघडं दिसतं. अट एवढीच की ते काम त्याचंच असावं (प्रश्न ६).

४. आम्ही गुरुवारी रात्री सगळं एकदम करतो. चालतं का?

शोधाशोध, मोजमाप, चित्र यांना चालतं. वाचन, शब्द आणि पाढ्यांना चालत नाही.

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करताना त्यांना दिसलं की तेवढ्याच गोष्टी दिवसांवर पसरवून घोकल्या तर एका बैठकीपेक्षा कमी आवर्तनांत जमतात. त्यानंतर हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. गुरुवारी रात्री घोकलेले दहा शब्द शुक्रवारच्या श्रुतलेखनात बरोबर येतात आणि पुढच्या बुधवारी त्यातले निम्मे गायब होतात, हे कुठल्याही बाईंना विचारा.

शब्दांसाठी साधी रीत अशी: सोमवारी दहाही शब्द वाचा आणि वही मिटून लिहा. जे चुकले तेवढेच मंगळवारी. बुधवारी सुट्टी. गुरुवारी पुन्हा दहाही, वही मिटून. बघून दहादा लिहिण्यापेक्षा न बघता एकदा आठवून लिहिणं जास्त टिकतं. बघून लिहिताना हात चालतो, डोकं चालेलच असं नाही.

५. मी शेजारी बसू का?

पहिलीत बसा. दुसरीत त्याच खोलीत दुसरं काही करत राहा. तिसरीत हाकेच्या अंतरावर असलात की पुरे. शेजारी बसताना तुमच्या हातात पेन्सिल नको आणि खोडरबर तर मुळीच नको.

"कळलं का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो" येतं. "आता काय करायचंय ते मला सांग" म्हणा. मुलाला आपल्या शब्दांत सूचना सांगता आली तर काम जमणार. नाही सांगता आली तर गडबड बहुधा सूचना समजण्यात असते, गणितात नसते.

६. चुका मी दुरुस्त करून पाठवू का? चुकीची वही पाठवायला लाज वाटते.

नका करू. या सगळ्या पानातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

समजा गणित आहे २७ + १५. एका मुलाच्या वहीत उत्तर आहे ३२. दुसऱ्याच्या वहीत ३१२. दोन्ही चूक, पण दोघांची दुखणी निराळी. पहिल्यानं सात आणि पाच बारा केले, दोन लिहिले आणि हातचा एक विसरला. त्याला हातचा माहीत आहे, सवय नाही. चार दिवस सराव केला की जमेल. दुसऱ्यानं बारा केले आणि एककाच्या घरात आख्खे बारा लिहून टाकले. दशकाच्या घरात दोन आणि एक तीन. त्याची एकही बेरीज चुकलेली नाही! त्याला एकक-दशकच उमगलेलं नाही. त्याला सरावाची पन्नास गणितं दिली तर तो पन्नास वेळा तीच चूक पक्की करेल. त्याला काड्यांचे गठ्ठे हवेत, दहा सुट्या काड्यांचा एक गठ्ठा बांधून शेजारच्या घरात ठेवायला हवा.

आता घरी कोणीतरी दोन्ही उत्तरं खोडून ४२ करून पाठवलं. माझ्यासमोर दोन स्वच्छ वह्या आल्या, दोन्हींवर 'छान' असा शेरा पडला, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही वजाबाकीकडे वळलो. दुसऱ्या मुलाला हातचा घेणं म्हणजे जादूटोणाच वाटणार.

मग घरी काहीच करायचं नाही का? करायचं. "या ओळीत एक गणित पुन्हा बघ" इतकंच म्हणा, कुठलं ते सांगू नका. मुलानं स्वतः शोधलं तर त्याला खोडायला न लावता शेजारी नवीन उत्तर लिहू द्या. नाही सापडलं तर तसंच पाठवा. चूक असलेल्या वहीवर आम्ही पालकांबद्दल कुठलंही मत बनवत नाही. एकही चूक नसलेली, वळणदार अक्षरातली पहिलीची वही आली की मात्र भुवया उंचावतात.

७. वाचताना अडला की शब्द लगेच सांगू का?

मनात पाचापर्यंत मोजा. बऱ्याचदा तेवढ्यात शब्द येतो. नाही आला तर पहिल्या अक्षरावर बोट ठेवा, शब्द तोडून दाखवा: 'खिड', 'की'. तरीही नाही आला तर सांगून टाका आणि पुढे चला. एका शब्दावर दोन मिनिटं कुस्ती केली की वाक्याचा अर्थ हातचा जातो.

एका ओळीत तीन-चार शब्दांना अडत असेल तर पुस्तकच जड आहे. सोपं पुस्तक घ्या. मागच्या वर्षीचं घेतलंत तरी कमीपणा नाही.

८. धडा घडाघडा वाचते, पण मधलाच शब्द विचारला तर येत नाही. असं कसं?

ती वाचत नाही, म्हणते आहे. लहान मुलांची पाठांतराची ताकद जबर असते. तीनदा ऐकलेला धडा त्यांना तोंडपाठ होतो आणि बोट आपलं ओळीवरून फिरत राहतं. यात लबाडी नसते, तिला खरंच वाटत असतं की वाचन म्हणजे हेच.

ओळखायचं कसं? वाक्य शेवटच्या शब्दाकडून उलटं वाचायला सांगा. किंवा धड्यातलेच शब्द घेऊन नवीन वाक्य कागदावर लिहा. 'मांजर दुधापाशी बसली' असं धड्यात असेल तर 'दूध मांजरीपाशी' लिहा. हसली तर वाचलं म्हणायचं.

चित्रावरून शब्द ठोकून देणं हाही त्यातलाच प्रकार. चित्रात घोडा, शब्द 'गाढव', आणि मूल 'घोडा' वाचतं. चित्र हातानं झाका, शब्द वाचून झाल्यावर उघडा.

९. वेलांटी आणि जोडाक्षरं सारखी चुकतात. किती घोटून घ्यायची?

घोटण्याआधी चूक कुठून येते ते बघा. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, आणि जिथे चालत नाही तिथेच मुलं अडखळतात.

पहिली वेलांटी बघा. 'दिवस' म्हणताना आधी 'द' ऐकू येतो, मग 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी 'द'च्या आधी काढायची. मूल कानाचं ऐकतं, आधी द लिहितं, मग वेलांटी, मग व. कागदावर 'दविस' उमटतं. कानाला पटतं तसंच लिहिलेलं आहे. अशा वेळी 'अक्षर आधी लिही, वेलांटीला डावीकडे जागा ठेव' असं सांगितलं की काम होतं.

रफार याच्या बरोब्बर उलटा. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो, पण लिहिताना तो य झाल्यावर त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय 'प्रकाश'मधला र पायाशी तिरका, 'ट्रक'मधला टोपीसारखा, 'दऱ्या'मधला आणखी वेगळा. एकाच अक्षराची एवढी रूपं सात वर्षांच्या मुलाला एका आठवड्यात कशी जमणार? एका वेळी एकच रूप घ्या. त्याचे पाच-सहा शब्द मुलाला पुस्तकात शोधू द्या.

ऱ्हस्व-दीर्घाचं पहिलीत मनावर घेऊ नका. 'फूल' पण 'फुलं', 'मूल' पण 'मुलं' हे दुसरी-तिसरीत वाचनातून डोळ्यांना सवयीचं होऊ लागतं. दीर्घ कधी, ऱ्हस्व कधी हे मोठ्यांचंही चुकतं, वर्गाच्या ग्रुपवरचे मेसेज बघा.

१०. सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितो. काही दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. 'सत्तावीस' कानावर पडताना आधी सात येतात, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग सात. मूल ऐकलेल्या क्रमानं लिहितं. त्यात 'एकोणतीस' म्हणजे तीस नव्हे, एकानं कमी! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत, आणि नव्याण्णवला मात्र ती मोडते.

यावर उपाय असा: संख्या लिहिण्याआधी फोडून म्हणवून घ्या. "सत्तावीस म्हणजे वीस आणि सात." वीसचे दोन आधी, मग सात. एकोणच्या संख्यांना थोडा वेगळा वेळ द्या. "एकोणचाळीस, चाळिसाच्या आधीची कुठली?"

३ किंवा ६ आरशात पाहिल्यासारखा उलटा लिहिणं सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांत दिसतं आणि आपोआप कमी होतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंक शिकणाऱ्या मुलांचा आणखी एक गोंधळ होतो: मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. एका पानावर एकाच पद्धतीचे अंक ठेवा. तिसरीत शिरल्यावरही अंक-अक्षरं नेहमी उलटी येत असतील तर प्रश्न १८ वाचा.

११. अक्षर फार वाईट आहे. रोज एक पान शुद्धलेखन घालू का?

पान नको, तीन ओळी घाला. मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चेचीच असतात आणि पहिल्या काही महिन्यांपासून दहा-बारा वर्षांपर्यंत एकेक करून हाडाची होत जातात. सहा वर्षांचा हात पानभर लिहून खरोखर दुखतो. पहिल्या तीन ओळी नीट, मग घसरण, शेवटची ओळ कशीबशी, हे कुठल्याही वहीत दिसेल. म्हणजे पानातला मोठा भाग वाईट अक्षराचाच सराव झाला.

अक्षरापेक्षा बसणं बघा. पाय टेकलेले आहेत का? टेबल कोपराच्या उंचीचं आहे का? पेन्सिल अंगठा आणि तर्जनीत धरलेली, मधल्या बोटावर टेकलेली आहे का? पेन्सिल फार दाबून लिहीत असेल तर मऊ शिशाची द्या. आखूड तुकडा चालतो, उलट पकड सुधारायला तोच बरा. कणिक मळणं, मणी ओवणं, कात्रीनं कापणं, चिमटे लावणं यानं बोटं तयार होतात, आणि त्यावर कोणी रडत नाही.

मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. डावीकडून उजवीकडे लिहिताना त्याचा हात लिहिलेल्यावरूनच जातो, म्हणून अक्षर फिसकटतं आणि मनगट आकड्यासारखं वळतं. कागदाचा वरचा भाग थोडा उजवीकडे झुकवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, उजेड उजवीकडून येईल असं बसवा. बाकावर त्याला डावीकडची जागा हवी, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी रोज टक्कर. हे आमच्या लक्षात आलं नसेल तर जरूर सांगा.

१२. बोटांवर मोजू देऊ का? आणि पाढे कधी पाठ हवेत?

बोटांवर खुशाल मोजू दे. फक्त कसं मोजतो ते बघा. ३ + ६ साठी आधी तीन बोटं, मग सहा, मग सगळी पहिल्यापासून मोजत असेल तर तो सुरुवातीचा टप्पा. "मोठा आकडा मनात ठेव आणि पुढे मोज" हे जमलं की सहा, मग सात, आठ, नऊ. बोटं तीनच लागली. पुढे कधीतरी तीही लागत नाहीत, ती सोडायला सांगावं लागत नाही.

पाढ्यांचं असं आहे की 'बे एके बे, बे दुणे चार' तालात म्हणणं ही चांगली सुरुवात आहे, पण तिथेच थांबलं तर मूल तालाचं गुलाम होतं. "बे साते?" विचारलं की ते मनात 'बे एके'पासून धावत सुटतं. म्हणून म्हणून झालं की मधलेच तीन विचारा, आणि उलटेही: "चौदा म्हणजे बे किती?" दोनाचा, पाचाचा आणि दहाचा आधी. तिनाचा पाढा शिकताना तीन पंचे पंधरा नवीन नसतं, पाचाच्या पाढ्यात पाच त्रिक पंधरा होऊनच गेलेलं असतं. हे मुलाला दाखवलं की निम्मं ओझं उतरतं.

१३. "शाळेत आज काय केलं?" विचारलं की "काही नाही." मग वर्गात शिकवतात तरी काय?

सहा तासांचा हिशेब एका प्रश्नात मागितला की मोठी माणसंही "काही विशेष नाही" म्हणतात. नेमकं विचारा. "आज फळ्यावर कोण गेलं होतं?" "गणितात काड्या होत्या की मणी?" "कोणाच्या शेजारी बसलास?" आणि शाळेतून आल्या आल्या नको, खाऊन-खेळून झाल्यावर.

एक गोष्ट वहीवरून कळणार नाही: पहिली-दुसरीत वर्गातलं बरंचसं शिकणं वहीत उतरतच नाही. गोष्ट ऐकून पुढे काय होईल ते बोलणं, वस्तूंचे गट करणं, पाणी मापानं मोजणं, दोघांनी मिळून कोडं सोडवणं. वही कोरी म्हणजे दिवस वाया गेला असं नाही.

१४. रोज रडारड होते. बसायलाच तयार नाही.

आधी वेळ बदलून बघा. शाळेतून आल्यावर लगेच किंवा झोपेच्या तोंडावर, या दोन्ही वेळा वाईट. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी असं निद्रावैद्यकातल्या तज्ज्ञांचं सांगणं आहे. गृहपाठासाठी ती कापायची नाही. झोप की गृहपाठ अशी वेळ आलीच तर झोप, आणि वहीत एक ओळ.

मग कामाचे तुकडे करा. पानावरची वीस गणितं बघूनच काहींच्या पोटात गोळा येतो. कोऱ्या कागदानं पान झाकून एकच ओळ उघडी ठेवा. पहिलं काम कुठलं करायचं ते त्याला निवडू द्या.

एवढं करूनही दोन आठवडे रोज रडू येत असेल तर गृहपाठ थांबवा, नुसतं वाचून दाखवा आणि आम्हाला भेटा. रोजच्या रडण्यामागे आळस क्वचितच असतो. काम जड असतं, डोळ्यांना नीट दिसत नसतं, किंवा वर्गात काहीतरी बिनसलेलं असतं.

१५. गृहपाठ केला की चॉकलेट किंवा मोबाइल, असं ठरवलंय. चुकीचं आहे का?

जे काम त्याला मुळात आवडतं त्याला बक्षीस लावू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवर्गातल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात आपणहून चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांत असं झालं नाही. म्हणून वाचनाला मोबाइल लावणं मला पटत नाही. वाचन ही शिक्षा आणि मोबाइल ही सुटका, असं मूल शिकतं.

कंटाळवाण्या कामाला, समजा पाढ्यांना, कधीमधी काही मिळालं तर आभाळ कोसळत नाही.

१६. शाळेची भाषा आम्हाला घरी कोणालाच नीट येत नाही. मदत कशी करायची?

घरच्या भाषेत, आणि भरपूर. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. अक्षरं उलगडायला आम्ही शिकवतो. भाषेची समज, म्हणजे शब्दसंपत्ती, गोष्टीचा धागा धरणं, 'का' आणि 'मग' विचारणं, हे घरच्या भाषेत वाढलं तरी त्यातलं पुष्कळसं शाळेच्या भाषेत कामी येतं.

मुलाला शाळेच्या पुस्तकातली गोष्ट घरच्या भाषेत सांगायला लावा. तुम्हाला ते पुस्तक वाचता येत नसलं तरी मुलाला ते समजलंय की नाही ते लगेच कळेल. मोडक्यातोडक्या शाळेच्या भाषेत घरी बोलण्याचा अट्टाहास करू नका.

१७. आजारपणात आख्खा आठवडा बुडला. सगळं भरून काढायचं का?

नाही. चालू आठवड्याचं करा आणि बुडालेल्या आठवड्यातलं फक्त वाचन. कुठली नवी गोष्ट शिकवली ते आम्ही सांगू. मित्राची वही आणून रात्रभर उतरवून काढणं बंद करा. तिसरीपर्यंत त्यातून काहीही शिकून होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते उतरवतेही आईच.

१८. 'हळूहळू येईल' किती दिवस म्हणायचं? काळजी कधी करायची?

एकेकटी चूक काळजीची नसते. पुढची लक्षणं महिनोन्महिने एकत्र राहिली तर थांबू नका: वर्षभर शिकवूनही अक्षर आणि आवाज यांची जोडी बसत नाही, 'कमळ'मधला पहिला आवाज काढला तर काय उरतं, असे आवाजाचे खेळ जमत नाहीत, काल वाचलेला शब्द आज पुन्हा पहिल्यांदा पाहिल्यासारखा, बोलण्यात हुशार आणि वाचनात-लिहिण्यात फार मागे, अशी मोठी दरी. घरात आणखी कोणाला लहानपणी वाचायला फार त्रास झाला असेल तर तेही सांगा, कारण वाचनाची अडचण बऱ्याचदा कुटुंबात चालत येते.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, ते सर्वांत सोपं. वारंवार सर्दी होऊन कान भरलेले राहिले तर 'त' आणि 'थ' मधला फरक मुलाला ऐकूच येत नाही, मग लिहिणार कुठून? त्यानंतर शाळेशी बोला आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अशा अडचणीचा, बुद्धीशी संबंध नाही, आणि मदत लवकर मिळाली तर फरक जास्त पडतो. येताना न खोडलेल्या वह्या घेऊन या (प्रश्न ६). तपासणाऱ्यांना त्याच लागतात.

घरी सगळं येतं आणि वर्गात काहीच येत नाही, असं असेल तर मात्र वेगळा विचार करा. घरी नकळत मदत होत असेल, किंवा वर्गात मूल घाबरत असेल. एक दिवस घरी 'मी काहीच सांगणार नाही' असं ठरवून बघा, कोणतं कारण ते उलगडेल.

१९. मोठी बहीण धाकट्याचा अभ्यास घेते. चालेल?

वाचनाला चालेल, उत्तम चालेल. गणिताला जपून. तिसरी-चौथीतली ताई समजावून सांगत नाही, उत्तर सांगते आणि "एवढंही येत नाही?" असं वर म्हणते.

२०. आमची मुलगी आठवड्याचं काम पंधरा मिनिटांत संपवते. पुढच्या इयत्तेचं पुस्तक सुरू करू का?

नको. पुढच्या वर्षी ती वर्गात वर्षभर कंटाळून बसेल आणि तेव्हा तुमचाच मेसेज येईल. पुढे नेण्याऐवजी खोल न्या. गणितं उलटी करा: ७ + ५ किती असं विचारण्याऐवजी "उत्तर बारा यायला हवं, किती तऱ्हांनी येईल?" दोन आकडे घेऊन, मग तीन घेऊन, मग वजाबाकी वापरून. "सगळ्या तऱ्हा झाल्या हे कशावरून?" हा प्रश्न टाकलात की पंधरा मिनिटांत संपत नाही. शब्द लिहून झाले असतील तर त्या दहा शब्दांची गोष्ट लिहू दे, स्पेलिंग आणि शुद्धलेखनाकडे न बघता. तिला आवडणाऱ्या विषयाचं, मग ते किडे असोत की ग्रह, जाडजूड पुस्तक हातात द्या.

आणि हे सगळं तिला हवं असेल तरच. पंधरा मिनिटांत काम संपवून ती खेळायला पळाली, तर पळू दे.